टिळा लिहिलास ना?

१९७५ च्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातली कपिला व्याली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील नोकरीमुळे परगावी, आईचे शिक्षण दुसरीपर्यंत आणि आजीला अक्षरओळख नाही, त्यामुळे मुंबईला काकांना जाणारी सगळी पत्रे माझ्या हातून लिहिली जात. काका लालबागला गिरणीत होते आणि आमच्याच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत राहत होते. पाळीप्रमाणे झोपणारी दहा-बारा माणसे, भिंतीला लावलेली प्रत्येकाची एक ट्रंक आणि जेवायला खानावळ. चिपळूणजवळच्या आमच्या गावात काय घडले हे त्यांना कळायचे ते पोस्टकार्डाने, नाहीतर शिमग्या-गणपतीला गावी जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून.

पडवीत जात्याशेजारी बसून आजी सांगू लागली, "लिही, कपिला व्याली. पाडी झाली. रंगानं आईवर गेलीय, पण कपाळावर पांढरा टिळा आहे." त्याच आठवड्यात शाळेत गुरुजींनी पत्रलेखनाचा धडा घेतला होता आणि मला तो सगळा येत होता. मी वर मध्यभागी 'श्री' काढले, उजवीकडे गाव आणि तारीख घातली, चिरंजीव काकांस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद लिहिले, विनंती विशेष, इकडील सर्व मंडळी क्षेम असून तुझे क्षेम नेहमी कळवीत जावे, असे करत करत 'पत्रास कारण की' येथवर पोहोचले तेव्हा कार्डाचा अर्ध्याहून अधिक भाग भरला होता. खाली घरातल्या प्रत्येकाचा नमस्कार आणि आशीर्वाद यायचा होता. म्हणून मधे एवढेच लिहिले, की कपिला व्याली, पाडी झाली, बाकी सर्व क्षेम.

"टिळा लिहिलास ना गो?" आजीने विचारले. मी हो म्हटले.

दोन आठवड्यांनी काकांचे कार्ड आले. ते वाचून दाखवण्याचे कामही माझेच होते, आणि पुढे काय लिहिले आहे हे समजण्याआधीच शब्द तोंडातून बाहेर पडत गेले. पाडी झाली हे वाचून आनंद झाला, पण ती कशी आहे ते लिहिले नाही. रंग कोणता? अंगावर काही खूण आहे का? कळवावे. आजी काही बोलली नाही. उठून देवळीतले दुसरे कार्ड तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "लिही, कपाळावर टिळा आहे. चंद्रकोरीसारखा, जरा उजवीकडे कललेला." पुढे काय लिहू, म्हणून मी विचारले. "एवढंच. बाकीचं त्याला ठाऊक आहे." त्या एका ओळीसाठी एक आख्खे कार्ड खर्ची पडले, आणि ज्या घरात कार्डे मोजून आणली जात त्या घरात ते पडले.

पुढे ३६ वर्षे मी एका निमसरकारी कार्यालयात नोकरी केली, त्यांतली पहिली ११ आवक-जावक टेबलावर. या काळात किती पत्रे उघडली याची गणती नाही. अर्ज, विनंत्या, तक्रारी, स्मरणपत्रे, राजीनामे, निरोपाच्या चिठ्ठ्या. घरगुती पत्र वेगळे आणि कामकाजाचे पत्र वेगळे असे शाळेत शिकवतात, त्यांचे नमुनेही वेगळे देतात. मला मात्र इतक्या वर्षांत त्या दोहोंत फारसा फरक सापडला नाही. लिहिणाऱ्याला लिहिताना वाचणारा दिसत होता की नाही, एवढे एकच मी दोन्हीकडे बघत आले. आजीला लालबागची ती खोली कधी बघायला मिळाली नव्हती, तरी तिथे पाळी संपवून आलेला आपला मुलगा कार्ड हातात धरून डोळ्यांपुढे काय आणू बघेल, हे तिला नेमके दिसत होते. मला दिसत होते ते फक्त गुरुजींचे फळ्यावरचे अक्षर.

मायन्याला मी कमी लेखत नाही. घरी कोणी आले की आधी पाणी द्यायचे आणि मग काय काम काढलेत म्हणून विचारायचे, ही आपली रीत. मायना हे ते पाणी आहे. आईवडिलांना तीर्थरूप आणि त्यांच्या जागी असणाऱ्यांना तीर्थस्वरूप, वडीलधाऱ्यांना साष्टांग, बरोबरीच्यांना सप्रेम, धाकट्यांना आशीर्वाद, अशी बारीक तजवीज आपल्या भाषेने करून ठेवली होती. 'कृ. सा. न. वि. वि.' (कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष) किंवा 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार विनंती विशेष) अशी चार-पाच अक्षरे वाचली की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या मनातली आपली जागा कळे, आणि मग मजकूर कोणत्या सुरात वाचायचा तेही कळे. पेशवाईतली पत्रे 'बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा' असे म्हणून थांबत. या वाक्यात समोरच्याच्या बुद्धीवर टाकलेला विश्वास आहे, आणि हे न लिहिताही उरलेले तुम्ही ओळखाल अशी एक जवळीकही आहे. आजकाल कामकाजाच्या मेलच्या आरंभी 'आशा आहे की आपण बरे असाल' असे लिहिलेले मी बघते तेव्हा वाईट वाटते, कारण ते वाक्य दुसऱ्या भाषेतून उचललेले आहे आणि त्याहून चांगले आपल्या घरात पडून आहे. 'इकडील सर्व क्षेम' म्हणताना माणूस आधी आपली खबर देत होता, मग समोरच्याची मागत होता.

या रीतींमधली सर्वांत समंजस रीत मला दुःखाच्या पत्रांची वाटते. मरणाची बातमी कळवणाऱ्या कार्डावर 'श्री' नसे आणि त्याचा एक कोपरा फाडलेला असे. कोपरा फाटलेले कार्ड पोस्टमनच्या हातात दिसले की बायका दारातच खाली बसत. लहानपणी मला ती रीत क्रूर वाटे. पुष्कळ वर्षांनी कळले, की कार्ड घेणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, आणि ही बातमी परक्याच्या तोंडून अचानक कानावर पडण्याआधी, हातात कागद आल्याक्षणी, आपल्या मनाने समजावी आणि निदान भिंतीला टेकायला वेळ मिळावा, म्हणून कोणीतरी कधीतरी तो कोपरा फाडायला सुरुवात केली असणार.

कागदाची निवडही तशीच. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले आणि ते उघडे असल्यामुळे वाटेतल्या सगळ्यांचे झाले. पोस्टमन वाचे, दुकानदार वाचे, काकांच्या खोलीत तर ते मोठ्याने वाचले जाई, कारण एकाच्या कार्डात साऱ्या वाडीची खबर असे. आजी कार्डावर गाय, पाऊस, लावणी, कोणाचे बारसे एवढेच घालायला सांगे. काकांच्या लग्नाची बोलणी आणि सोसायटीचे कर्ज यांसाठी निळे अंतर्देशीय पत्र यायचे, ते भाताच्या शिताने तिन्ही कडांना चिकटवले जायचे. खोलीत आपल्या मुलाचा पाणउतारा होऊ नये ही काळजी कागद निवडतानाच घेतलेली असे. आज चार माणसांना प्रत लावून एकाला त्याची चूक दाखवणारी मेल धाडणारे शिकलेले लोक बघितले, की मला ते शीत आठवते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि वर्तमानपत्रे वाचत होते. काकांच्या पत्रांत संप हा शब्द कित्येक महिने आला नाही. मार्चच्या कार्डात होते, की या महिन्यात मनीऑर्डर होणार नाही, काळजी नसावी, खानावळवाल्या मावशी सांभाळून घेतात. एप्रिलच्या कार्डात होते, की आंबा धरला का ते कळवावे. आजीने ते कार्ड मला दोनदा वाचायला लावले आणि म्हणाली, "येतोय तो." मे महिन्यात काका ट्रंक घेऊन आले. आंब्याच्या चौकशीत तिला परतीची वाट दिसली, ती मला दोनदा वाचूनही दिसली नव्हती.

आमच्याच चिपळुणाशी निगडित असलेले एक पत्र मी नोकरीत नव्याने आलेल्या प्रत्येक लिपिकाला वाचायला देत असे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवले आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवून दिलेली आहे, ती आत्ताच वाटेल तशी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे वळाल, कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला, आणि जे बिचारे जीव धरून राहिले आहेत ते निघून जातील, मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल. एवढ्यावर पत्र थांबत नाही. वैरणीजवळ आगट्या करू नका, चिलमी ओढू नका, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात घेऊन जाईल.

तो उंदीर मला पहिल्यांदा वाचनात आला तेव्हा मी टेबलावरून उठून खिडकीशी गेले होते. स्वराज्याचा धनी, राजधानीतल्या शेकडो कामांच्या गर्दीत, एका छपरातल्या रात्रीचा तो क्षण बघतो आहे. 'आगीपासून योग्य ती खबरदारी घ्यावी' असे एक वाक्य लिहून हुकूम पुरा झाला असता, आणि असल्या वाक्यांची परिपत्रके मी स्वतः शेकड्यांनी जावक केली आहेत. ती वाचून कोणी दिवा विझवला असेल असे मला वाटत नाही. वात तोंडात धरून गवताकडे निघालेला उंदीर ज्याने एकदा मनात पाहिला, तो शिपाई अंथरूण सोडून उठेल. शिवाय पत्रात नुसती आज्ञा नाही. असे केले तर असे होईल आणि त्याचा बोल कोणावर येईल, ही सगळी साखळी एकेक कडी दाखवत पुढे नेलेली आहे.

आता आवक टेबलावर काय घडते ते सांगते, कारण ज्यांना रोज अर्ज करावे लागतात त्यांना ते कोणी सांगत नाही. टपाल आले की लिपिक त्यावर तारखेचा शिक्का मारतो, नोंदवहीत क्रमांक चढवतो, आणि कोणाकडून, कशाबाबत, सोबत किती कागद, कोणत्या शाखेकडे, असे रकाने भरतो. एका पत्राला अर्धा मिनिट मिळतो. त्या अर्ध्या मिनिटात वाचली जाते ती 'विषय' ही ओळ. तिथे 'विनंती अर्ज' किंवा 'तक्रारीबाबत' असे लिहिलेले असले तर विषय लिहिला नाही असेच समजावे. 'संदर्भ' या शब्दापुढे आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख असली, तर जुनी फाईल निघते आणि नवे पत्र तिच्यात जाऊन बसते. नसली तर त्याच प्रकरणाची दुसरी फाईल उघडते आणि दोन्ही फायली एकमेकींची वाट बघत पडतात. सहपत्रांना क्रमांक घातले नाहीत तर वाटेत गळालेला कागद कोणाच्या लक्षात येत नाही. आणि एका पत्रात दोन कामे कधीही घालू नयेत. वेतनातला फरक आणि रजेची नोंद अशा दोन गोष्टी एका कागदावर आल्या, की तो कागद लेखा शाखेत जातो, तिथे त्यांचे काम होते किंवा होत नाही, पण आस्थापना शाखेला रजेचे कधीच कळत नाही, कारण कागद एक आहे आणि तो एकाच टेबलावर राहू शकतो. आपल्याजवळ ठेवायच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, तरी संकोचामुळे मागितली जात नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१२ साली माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला एक विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा घातली. कायद्याने माहिती मागणाऱ्यावर असे माप लादणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही, कारण थोडक्यात लिहिणे हे शिक्षणाने येते आणि शिक्षण सर्वांना सारखे मिळालेले नाही. पण आपण होऊन ते माप पाळावे, असे मी माझ्या माणसांना सांगते. चार-चार पानांची पत्रे माझ्यासमोर येत. पहिल्या पानावर आयुष्यभराची हकिकत, दुसऱ्यावर झालेला अपमान, तिसऱ्यावर कायदा, आणि चौथ्याच्या तळाशी, सहीच्या वर चिकटून, खरी मागणी. त्या लोकांचा राग खोटा नव्हता. हेलपाटे घालून त्यांच्या चपला झिजल्या होत्या आणि त्याला आमच्यासारखी कार्यालयेच कारण होती. तरीही चौथ्या पानापर्यंत डोळे पोहोचत नसत, हे मी माझ्या डोळ्यांविषयी सांगते आहे.

एका बाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन १४ महिने अडले होते. त्या आधी तीन वेळा बाहेरून टंकलिखित करून आणलेले अर्ज देऊन गेल्या होत्या, त्यांत 'मी एक असहाय विधवा' पासून 'आपण मायबाप आहात' पर्यंत सर्व काही होते आणि शेवटी 'तरी उचित कार्यवाही व्हावी ही विनंती' असे होते. उचित काय ते ठरवण्याचा अधिकार त्या वाक्याने आमच्याकडेच सोपवून दिला होता, आणि काहीच न करणे हेही आमच्या लेखी उचित ठरत होते. चौथ्या वेळी त्यांनी मुलाच्या वहीचे रेघांचे पान फाडून स्वतःच्या हाताने लिहून आणले. पतीचे नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक. मग तीन तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे कोणत्या खिडकीवर काय सांगितले गेले ते: सेवापुस्तक लेखा शाखेत आहे, लेखा शाखेत विचारले, तेथे नाही, पुन्हा विचारले, लेखा शाखेतच आहे. आणि शेवटची ओळ, की माझ्या पतींचे सेवापुस्तक आज कोणाच्या ताब्यात आहे एवढे मला लेखी कळवावे.

रडणे नाही, आरोप नाही, मायबाप नाही. साहेबांनी पत्र हातात घेतले, वाचले, आणि काही न बोलता खुर्ची मागे सारून उठले. त्या प्रश्नाला द्यायचे उत्तर कपाटात शोधल्याशिवाय मिळणार नव्हते. सेवापुस्तक संध्याकाळपर्यंत सापडले, दोन शाखांच्या मधल्या कपाटावर, एका बंद पंख्याखाली. मी तेव्हा २७ वर्षांची होते. त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या उत्तरांचे मसुदे मी निराळे लिहू लागले. 'आपले प्रकरण तपासण्यात येत आहे' याऐवजी कोणत्या शाखेने कोणत्या तारखेला काय केले आणि आता कोणता कागद हवा आहे, ते लिहायचे. 'करण्यात येते' या क्रियापदाला कर्ता नसतो, आणि कर्ता नसलेल्या पत्राचा पाठपुरावा करणाऱ्याला कोणत्या खिडकीशी उभे राहायचे ते कळत नाही.

त्या वहीच्या पानाने मला आनंदीबाई जोशींच्या एका पत्राची आठवण होते. ते २८ जून १८८३ चे आहे. आनंदीबाई नुकत्याच अमेरिकेत पोहोचल्या होत्या, वय १८, आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश हवा होता. मुळात त्या तिथवर पोहोचल्या त्याही एका पत्रामुळे: १८८० मध्ये त्यांचे पती गोपाळराव यांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी या अनोळखी मुलीला आपणहून लिहिले. प्रवेशासाठीच्या आपल्या पत्रात आनंदीबाई आधीच मान्य करतात, की तुमच्या सर्व अटी मी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही. मग त्या आपले भांडवल सांगतात: प्रकृती चांगली आहे, आणि आप्तांचा व जातीचा एकवटलेला विरोध पत्करून मला तुमच्या देशात आणणारा निर्धार आहे. हे सर्व कशासाठी, तर ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्या माझ्या देशातल्या स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. महाविद्यालय चालवणाऱ्यांना नेमके काय विचारावेसे वाटेल ते ओळखून, त्याच क्रमाने, उणीव न लपवता लिहिलेले हे पत्र आहे. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. नोकरीच्या अर्जात 'मी अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक आहे' असे लिहिणाऱ्या मुलांना मी विचारते, की तुमच्या मेहनतीने आजवर काय तडीस गेले ते एका वाक्यात सांगा, आणि जे सांगाल तेच अर्जात लिहा.

पुण्यात संगणकाच्या कंपनीत काम करणारी माझी भाची एकदा रजेची मेल दाखवायला घेऊन आली. पहिली पाच वाक्ये दिलगिरीची होती, रजा कोणत्या तारखांना हवी ते सहाव्यात होते, आणि तिच्यामागे काम कोण बघणार हे कुठेच नव्हते. तारखा पहिल्या ओळीत गेल्या, काम बघणाऱ्या सहकाऱ्याचे नाव दुसऱ्या ओळीत आले, आणि दिलगिरीची गरजच उरली नाही. मेल असो की कार्ड, वाचणाऱ्याला आधी काय हवे आहे, ते बदलत नाही. साधनांविषयी मला तक्रार नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा मात्र दिवसभर चुकल्यासारखे वाटत राहिले, कारण 'रजिस्टर आलंय' या दोन शब्दांवर आमच्या वाडीतली कितीतरी हृदये धडधडलेली मी पाहिली आहेत.

दुसऱ्यांना इतके सांगणाऱ्या माझ्या हातून सर्वांत वाईट पत्र लिहिले गेले ते २००९ साली. कार्यालयातल्या माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. माझी बदली झालेली होती, लगेच जाता आले नाही, म्हणून मी पत्र लिहिले. आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, जन्ममृत्यू कोणाच्या हाती नाही, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो आणि आपणांस हे दुःख सहन करण्याचे बळ देवो. जिला मी २० वर्षे अगं-तुगं करत होते, तिला या पत्रात 'आपणांस' लिहिले. तेराव्याला भेटलो तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला, पण पत्राचा विषय काढला नाही. पुढेही कधी काढला नाही.

दुःखात काय लिहावे हे कळत नाही म्हणून माणूस छापील वाक्यांच्या मागे उभा राहतो, हे मी समजू शकते. परंतु त्या दहा ओळींत तिच्या नवऱ्याबद्दल एकही ओळ नव्हती. नाव बदलून ते पत्र कोणाच्याही घरी टाकता आले असते. आपले माणूस गेल्यावर ते आणखी कोणाकोणाला आठवते आहे, कसे आठवते आहे, याचीच भूक असते. माझे काका गेल्यावर मला ती कळली, जेव्हा त्यांच्या गिरणीतल्या एका सोबत्याने, मोडक्या अक्षरांत, दोन पाठपोट कागद भरून लिहिले, की रात्रपाळीहून परत येताना ते पहाटे कोणते भजन म्हणायचे आणि भजनातले कोणते कडवे दर वेळी विसरायचे.

निवृत्त झाल्यावर, म्हणजे त्या पत्रानंतर १५ वर्षांनी, मी मैत्रिणीला दुसरे पत्र लिहिले. उशीर झाला याची क्षमा मागण्यात जागा घालवली नाही. एवढेच लिहिले, की पावसाळ्यात संध्याकाळी कार्यालयाच्या फाटकाशी तुझे यजमान उभे असायचे ते मला दिसतात. एक छत्री त्यांच्या डोक्यावर उघडी आणि दुसरी, तुझ्यासाठी आणलेली, पिशवीत गुंडाळलेली, कोरडी. तू रोज छत्री घरी विसरायचीस आणि ते रोज ती ओली होऊ न देता आणायचे. मी खिडकीतून बघायचे आणि घड्याळ न बघता मला साडेपाच वाजल्याचे कळायचे.

तिचे उत्तर या सोमवारी आले. पोस्टकार्ड आहे, पत्त्याच्या बाजूची डावी कडही भरलेली. त्या पिशवीला ते छत्रीचे घर म्हणायचे, असे तिने लिहिले आहे. ते गेल्यावर घर आवरताना कोणीतरी ती टाकून दिली. आणि अगदी खाली, अक्षर बारीक करत: "तुला तिचा रंग आठवतो का गं? मला काही केल्या आठवत नाही. कळव."

निळी होती. वर पांढऱ्या नाडीची, आणि नाडीच्या एका टोकाला गाठ मारलेली. पाचचे टपाल निघायला अजून तास आहे. कार्ड मी समोर घेतले आहे आणि वर मायन्यासाठी फक्त एक ओळ सोडली आहे.